हेडबाईंच्या मापाचा जोड

सुईमावशींना डूख धरता यायचा, आणि तो त्या नीट धरायच्या. काही माणसांचा राग दुधासारखा असतो, उतू जातो आणि गॅस बंद केला की खाली बसतो. मावशींचं तसं नव्हतं. त्यांनी आपला राग घडी घालून ठेवला होता आणि त्याला कधी कसर लागू दिली नव्हती.

सुईमावशी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त बँकेच्या पासबुकात उरलं होतं. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून त्यांचं दुकान. पँटी आखूड करणे, चेन बदलणे, कमरेत सैल करणे, एवढंच काम. खिडकी फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर त्यांना लोकांचे फक्त पाय दिसायचे. पायांवरून त्या माणूस ओळखायच्या आणि मापसुद्धा तिथूनच घ्यायच्या. नुसती नजर टाकली की उंची कळते, टेप कशाला, असा त्यांचा तोरा होता. पलीकडच्या टेबलाशी पूर्वी त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत बसायचे. ते गेले, टेबल राहिलं.

ही सगळी ज्यू मंडळी. त्यांचं प्रार्थनाघर गल्लीच्या टोकाला, टायरच्या दुकानाशेजारी. माणसं इतकी थोडी की पगारी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही, त्यामुळे सगळं आपलं आपणच. पाण्याचे मीटर तपासणारे गृहस्थ प्रार्थना सांगायचे, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली की सगळे पानावर बोट ठेवून थांबायचे. दातांचे डॉक्टर ग्रंथ वाचायचे. सामुदायिक प्रार्थनेला दहा मोठी माणसं लागतात, नऊ आली तर ती नऊच. या लोकांनी फार पूर्वीच हात वर करून ठरवून टाकलं होतं की दहांत बायकाही धरायच्या. नाहीतर दुकान केव्हाच बंद पडलं असतं.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर हेडबाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. खुर्च्या कुणी लावायच्या, आजाऱ्याच्या घरी जेवण कुणी पोचवायचं, दुखवट्याच्या घरी कुणी जायचं, सगळ्या पाळ्या त्या लावायच्या आणि माणसं निमूटपणे जायची. उंची तर अशी की दारातून येताना मान झुकवावी लागे. आयुष्यात त्या तेवढ्याचसाठी वाकल्या, असं मावशी म्हणायच्या.

मावशींची पाळी कायमची ठरलेली होती. मेलेल्या माणसाला घालायचे शेवटचे कपडे त्याच शिवायच्या. पांढरं सुती कापड, त्याचा पायजमा, सदरा, वरून झगा, टोपी आणि कमरेची पट्टी. श्रीमंत असो की गरीब, सगळ्यांना तेच. खिसा नाही, कारण न्यायचं काही नसतं. शिवण हाताने, टाके लांब लांब, आणि मुख्य म्हणजे दोऱ्याला गाठ मारायची नाही. टोक तसंच सोडायचं. माणूस मातीत गेला की सगळं सहज सुटत जावं, त्याला कशानेही अडवू नये, म्हणून ही रीत. जन्मभर प्रत्येक दोऱ्याला गाठ मारणाऱ्या बाईला हे किती अवघड जात असेल ते शिवणाऱ्यांनाच कळेल. पण मावशींची बोटं त्या कापडावर आली की आपोआप शहाण्यासारखी वागायची. लहान, मध्यम, मोठे असे जोड प्रार्थनाघराच्या कपाटात तयार असत.

त्यांच्या यजमानांनाही त्यांनीच शिवलेला जोड घातला गेला. त्यानंतर दुखवट्याचे सात दिवस. रोज संध्याकाळी घरी दहा माणसं जमायची आणि मुलगा बापाच्या नावाने कद्दिश म्हणायचा. ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही, दहा लागतातच. शेवटच्या संध्याकाळी मायलेक धरून नऊच जण झाले. दहाव्या हेडबाई, त्यांनी स्वतःचीच पाळी लावली होती. मुलाला त्याच रात्रीच्या गाडीने परत जायचं होतं. तो पुस्तक उघडून उभा राहिला. बाकीची माणसं दाराकडे बघत बसली. फोन केला तर "आलेच" म्हणाल्या. पुन्हा केला तर उचललाच नाही. मग मीटरवाल्यांची रात्रपाळी होती ते उठले, कुणाचं मूल घरी एकटं होतं ते उठले. मुलाने पुस्तक मिटलं, बॅग उचलली आणि स्टेशनवर गेला. जाताना एवढंच म्हणाला, "आई, बाबांसाठी दहा माणसं नाही मिळाली तुमच्या लोकांना." तो पुन्हा कधी प्रार्थनाघराची पायरी चढला नाही. आईकडे येतो, दुकानात बसतो, पण तिकडचा विषय काढला की चपला घालतो.

हेडबाई का आल्या नाहीत? तर प्रार्थनाघराच्या तळघरात नळ फुटला होता आणि त्या ग्रंथ वर काढत बसल्या होत्या. बरं, दुसऱ्या दिवशी येऊन चार शब्द बोलायचे, तेही नाही. वर्षातून एकदा, मोठ्या उपासाच्या आधी, ज्याचं आपण वाईट केलं त्याच्या दारी जाऊन माफी मागायची या लोकांत रीत आहे. स्वतः जायचं, तोंडावर मागायची. समोरचा नाही म्हणाला तर तीनदा जायचं. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला तर मग ओझं त्याचं. हेडबाईंनी काय केलं? सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाल्या, "वर्षभरात माझ्याकडून कुणाचं काही चुकलं असेल तर क्षमा असावी." शाळेत सूचना वाचतात त्या आवाजात. मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. अशी घाऊक माफी त्यांनी पदरात घेतली नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यात लांब जोड शिवायला घेतला. तेवढ्या उंचीचं त्या समाजात दुसरं कुणीच नव्हतं. प्रत्येक टाक्याच्या शेवटी त्यांनी गाठ मारली, एकीवर एक, शिंप्याची पक्की निरगाठ, नखाने सुटणार नाही अशी. बाहेरून काही दिसू नये म्हणून गाठी शिवणीच्या आत ठेवल्या. आमची प्रार्थना अडवलीत ना, मग तुम्हीही अडकून पडा मातीत. हे त्या मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्याने म्हणाल्या. ऐकायला फक्त घड्याळाचं टेबल होतं. मग जोडाची घडी घालून तो कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला आणि त्या वाट बघू लागल्या.

पण हेडबाई कसल्या मरतायत! त्यांना साधी सर्दी होत नव्हती. दर थंडीत अर्धा समाज कण्हायचा आणि या ठणठणीत, काखेत छत्री धरून सगळ्यांना काढे पोचवत फिरायच्या. मावशींचे गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आपण आधी गेलो तर सगळंच मुसळ केरात, अशी त्यांना धास्ती पडली. म्हणून त्या वेळेवर गोळ्या घ्यायला लागल्या. डूख धरणाऱ्याला तब्येत सांभाळावी लागते.

आणि मग एका सकाळी हेडबाई नव्हे, ड्रायव्हरभाऊ गेले.

ड्रायव्हरभाऊ सिटी बस चालवायचे. मावशींच्या घरच्या त्या शेवटच्या संध्याकाळी जमलेल्या नऊ जणांतला एक माणूस. भर ड्युटीवर बस डेपोत लावून, युनिफॉर्मवरच ते आले होते आणि सगळ्यात शेवटी उठले होते. जाताना त्यांनी मावशींना नमस्कार केला होता, जणू काही चूक त्यांचीच होती. मावशी त्यांच्या पँटी फुकट सैल करून द्यायच्या. नोकरीत असतानाच कंबरेच्या दुखण्याने त्यांना पार वाकवलं होतं. फुटपाथवरून जाताना बूट संथपणे सरकायचे आणि हातातली पिशवी जमिनीला टेकायची.

दुपारी हेडबाईंचा फोन आला. शेवटची आंघोळ घालणारे पुरुष आत होते, दफन संध्याकाळच्या आत व्हायचं होतं, आणि मोठ्या मापाचा जोड भाऊंच्या घोट्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. खालच्या फळीवरचा लांब जोड घेते, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. वाकलेला माणूस मेल्यावर सरळ होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. नजरेने मापं घेण्याचा तोरा मिरवणाऱ्या बाईने पंधरावीस वर्षं भाऊंचं वाकलेलं माप घेतलं होतं. खरी उंची हेडबाईंच्या जवळपास होती, आणि आता त्या सगळ्या गाठी त्या माणसाच्या अंगावर चढणार होत्या. त्यांनी दुकानाला कुलूपसुद्धा लावलं नाही.

प्रार्थनाघरात हेडबाई लांब जोड हातात घेऊन आतल्या खोलीकडे निघाल्याच होत्या. मावशी दारात आडव्या झाल्या. दम लागला होता, एवढंच म्हणाल्या, "तो नको."

"का?"

"कसर लागलीय त्याला."

हेडबाईंनी जोड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. भोक कुठेच नव्हतं. ज्या बाईने चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या तिच्यापुढे खोटं बोलायचं म्हणजे तयारी लागते. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, थांबल्या, परत फिरवलं. मग कडा उलटून बघितली. एक गाठ, दुसरी, तिसरी, ओळीने सगळ्या. जोड स्वतःच्या खांद्याला लावून त्यांनी खाली पाहिलं. कापड बरोबर त्यांच्या टाचेला टेकलं.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

मावशींनी नाही म्हटलं नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटलं. त्या म्हणाल्या, "नऊच जण होतो घरात. माझा मुलगा पुस्तक उघडून उभा होता."

"ग्रंथ भिजत होते," हेडबाई म्हणाल्या. "आज पुन्हा नळ फुटला तरी मी तेच करीन."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते हे असं. पण आत भाऊ वाट बघत होते. हेडबाईंनी पर्समधून नखं कापायची कात्री काढली, मावशींनी पदरातला सुईदोरा काढला, आणि दोघी खिडकीखालच्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या. एकीने गाठी कापायच्या, दुसरीने त्याच शिवणीतून नवा दोरा घालत जायचं, टोक मोकळं सोडून. गाठी इतक्या पक्क्या होत्या की हेडबाईंच्या बोटाला कात्री लागली. त्यांनी बोट तोंडात घातलं, रक्त कापडाला लागू दिलं नाही, आणि पुढची गाठ धरली. हाताशी हात लागला की दोघीही हात काढून घ्यायच्या. काम वेळेत झालं. भाऊंना एकही गाठ नसलेला जोड मिळाला.

हे इथे संपलं असतं. पण दफनाहून परतताना फाटकापाशी हेडबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "माझा नवीन शिवाल ना? गाठी मारायच्या असल्या तर मारा. मी हरकत घेणार नाही."

मावशींचा इतका अपमान यजमानांच्या वेळीही झाला नव्हता. सूड घ्यायचा आणि तोही बाईंच्या परवानगीने! म्हणजे आता वर्गात हात वर करून विचारायचं, बाई, सूड घेऊ का? त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवं कापड आणलं. गिऱ्हाइकांच्या पँटी कोपऱ्यात पडल्या आणि मावशी लांब जोड शिवायला बसल्या. या वेळी दर बोटभर अंतरावर गाठ. परवानगी दिलीत ना, मग मोजून घ्या.

इकडे भाऊंच्या घरी दुखवट्याचे दिवस चालू होते. पहिले दोन दिवस घर भरलेलं होतं. मग तापाची साथ आली आणि माणसं पटापट अंथरुणाला लागली. मीटरवाल्यांचा आवाज बसला तरी ते येत होते. भाऊंना मुलगा नव्हता. मुलगी नर्स होती, तीच बापाची कद्दिश म्हणायची आणि तिथूनच ड्युटीवर जायची. हेडबाईंनी मावशींना निरोप धाडला होता की रोज यायचंच, माणसं कमी आहेत. मावशी जातही होत्या.

त्या संध्याकाळी त्या झग्याची बाही जोडत होत्या. खिडकीतला उजेड कमी झाला तसा त्यांनी दिवा लावला. निघायची वेळ झाली हे त्यांना कळत होतं. एवढी बाही संपवते आणि उठते, असं म्हणून त्यांनी आणखी एक गाठ मारली. फोन वाजला. पडद्यावर हेडबाईंचं नाव. मावशींनी त्याच्याकडे बघितलं आणि सावकाश सुईत दोरा ओवला. वाजू दे. करू देत बाईंना धावाधाव. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. खरं सांगायचं तर तो वाजताना त्यांना बरं वाटत होतं. बाही संपली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागून बराच वेळ झाला होता. इतका उशीर झालाच आहे, तिथे माणसं असतील, आपलं एकीचं काय अडलंय, असं म्हणून त्यांनी दुसरी बाही घेतली.

सकाळी खिडकीतून लांब, काळे, चापून बांधलेले बूट दिसले. बूट दोन पायऱ्या उतरले आणि हेडबाई मान झुकवून आत आल्या. बसल्या नाहीत.

"काल नऊच होतो," त्या म्हणाल्या.

मावशींच्या हातात सुई होती. ती तिथेच थांबली.

हेडबाईंनी पुढचं सरळ सांगितलं. तिघे तापाने आले नाहीत. मुलगी पुस्तक उघडून उभी राहिली. फोन करून करून बघितलं. मग तिची ड्युटीची वेळ झाली, तिने पुस्तक मिटलं आणि गेली. हे सांगताना त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, टोमणाही नाही. मग त्यांची नजर टेबलावर गेली. पांढरा झगा पसरलेला होता, दोन्ही बाह्या जोडलेल्या, आणि दिव्याच्या उजेडात उलट्या शिवणीवरच्या गाठी ओळीने दिसत होत्या. हेडबाईंनी एका गाठीवर बोट ठेवलं. बोटाला अजून पट्टी होती.

"माझ्या वेळी," त्या म्हणाल्या, "निदान ग्रंथ तरी भिजत होते."

आणि त्या गेल्या. मावशी टेबलाशी बसून राहिल्या. हेडबाईंवर ओरडायला एक शब्द सापडेना. जे जे म्हणावंसं वाटे ते ते आपल्यालाच लागू पडतंय, हे त्यांच्या लक्षात येत होतं. त्यांना हेडबाईंची कधी आली नव्हती एवढी चीड आली, आणि ती सगळी वळून घरीच परत आली. भाऊ भर ड्युटी सोडून आले होते. आणि आपण फोन वाजताना सुईत दोरा ओवत बसलो, मजेत.

अर्धा जोड तसाच टाकून, सुई त्यातच टोचून, त्या उठल्या. भाऊंचं घर तिसऱ्या मजल्यावर. गुडघे धरून धरून चढल्या. भाऊंच्या बायकोने दार उघडलं. मावशींनी आत जाऊन खुर्चीसुद्धा घेतली नाही. उंबऱ्यातच म्हणाल्या, "वहिनी, काल मी यायला हवं होतं. कारण सांगण्यासारखं नाही. माझ्यामुळे भाऊंची प्रार्थना राहिली. मला माफ करा."

वहिनींनी त्यांना पाणी आणून दिलं. ग्लास परत घेतला. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे आले होते ना हे, बस सोडून, तेव्हा यांना मेमो मिळाला होता. पगार कापला. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलं होतं." मग दाराला हात लावून म्हणाल्या, "आज नाही जमणार मावशी. पुन्हा या." आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मावशींना सोपं गेलं असतं.

त्या जिना उतरल्या. खाली तोंडाशी हेडबाई उभ्या होत्या, काखेत छत्री, हातात वर द्यायचा जेवणाचा डबा. त्यांनी मावशींचा चेहरा बघितला.

"नाही म्हणाल्या?"

मावशींनी मान हलवली.

"एकदा झालं," हेडबाई म्हणाल्या. "अजून दोनदा यावं लागेल."

मावशी शेवटच्या पायरीवर होत्या, त्यामुळे कधी नव्हे ते दोघींचे डोळे एका रेषेत आले. "माझं दोनदा राहिलंय," त्या म्हणाल्या. "तुमचं तिन्ही वेळा राहिलंय."

हेडबाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. वरून कुणीतरी नळ सोडल्याचा आवाज आला. मग त्यांनी घसा साफ केला, आणि या वेळी आवाज सूचना वाचायचा नव्हता. "इथेच मागू, की दुकानात येऊ?"

"दुकानात या," मावशी म्हणाल्या. "आज मी नाहीच म्हणणार आहे."